एलिनॉर झेलियट : एका इतिहासकाराची वाट आणि आमच्या घरचा इतिहास

माझ्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी विषय निवडला : पेण तालुक्यातील बौद्ध वस्त्यांमध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या कोणत्या आठवणी शिल्लक आहेत. विषयाला मान्यता देण्यासाठी जी बैठक झाली तीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी तिला दोन प्रश्न विचारले. पहिला, 'कागदपत्रे कुठे आहेत?' आणि दुसरा, 'हे समाजकार्य झाले, यात इतिहास कुठे आहे?' मुलगी गप्प बसली. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, 'सर, ज्यांच्या घरात कागद नाही त्यांना इतिहास नसतो का?'

मी इतिहासाचा अध्यापक आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. या प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ असायला हवे होते. ते नव्हते. म्हणून मी तिच्या हाती डॉ. एलिनॉर झेलियट यांची दोन पुस्तके दिली आणि मीही ती पुन्हा वाचायला घेतली. हा लेख त्या वाचनातून निघाला आहे. झेलियटबाईंचे ऋण मान्य करणे हा त्याचा एक हेतू आहे. परंतु केवळ ऋण मान्य करून थांबणे ही समीक्षा होत नाही. परदेशातून आलेल्या विदुषीने आपली दखल घेतली याचा आपल्याला इतका आनंद होतो की तिची मांडणी तपासून पाहण्याचे आपण विसरतो. दखल घेतली जाणे आणि समजून घेतले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१

एलिनॉर झेलियट यांचा जन्म १९२६ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. त्या क्वेकर पंथाच्या. हा पंथ ख्रिस्ती धर्मातला एक लहान पंथ असला तरी गुलामगिरीला आणि युद्धाला विरोध करण्याची त्याची परंपरा जुनी आहे. १९५२ साली त्या पहिल्यांदा भारतात येऊन गेल्या. पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात त्यांनी संशोधन हाती घेतले आणि साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात पुण्यात राहून त्यासाठी साधने जमवली. १९६९ साली त्यांनी 'डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ' या विषयावरचा प्रबंध सादर केला. आज तो 'आंबेडकर्स वर्ल्ड' (२०१३) या नावाने वाचायला मिळतो. त्यांचे निबंध 'फ्रॉम अनटचेबल टु दलित' (१९९२) या संग्रहात एकत्र आले. मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

ही माहिती कोणत्याही परिचयपर लेखात मिळेल. मला महत्त्वाचे वाटते ते त्या वर्षांचे जुळणे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवले. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या काळ्या जनतेने शहरातल्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. १९६० साली ग्रीन्सबरोच्या चार काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या टेबलाशी ठाण मांडले. १९६३ साली वॉशिंग्टनवर मोर्चा गेला, १९६४ साली नागरी हक्कांचा आणि १९६५ साली मतदानहक्काचा कायदा झाला. झेलियटबाई तरुण वयात ज्या देशाच्या नागरिक होत्या तो देश असा ढवळून निघत होता, आणि त्याच काळात त्या पुण्यात बसून महाराष्ट्रातल्या अस्पृश्यांच्या चळवळीची पत्रके वाचत होत्या. ज्या व्यक्तीच्या देशात माणसाने कोठे बसावे, कोठे पाणी प्यावे हे त्याच्या कातडीवरून ठरत होते, आणि ज्या व्यक्तीच्या पंथाने हे पाप आहे असे तिला शिकवले होते, तिला चवदार तळ्याचा अर्थ सांगावा लागला नसावा. आपल्याकडच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना तो पुष्कळ वर्षे सांगावा लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झेलियटबाई येण्यापूर्वी आमचा इतिहास कोणी लिहीतच नव्हते असे नाही. चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या आंबेडकर-चरित्राचा पहिला खंड १९५२ सालचा आहे, म्हणजे बाई पहिल्यांदा भारतात आल्या त्याच वर्षीचा. पुढे त्याचे बारा खंड झाले. धनंजय कीरांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे. खैरमोड्यांनी नोकरी सांभाळून, पदरमोड करून, कागदाचा कपटा न् कपटा गोळा केला. नागपूरच्या वसंत मून यांनी गोळा केलेली साधने पुढे शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथमालेला उपयोगी पडली. विद्यापीठाने मात्र या लोकांना इतिहासकार म्हटले नाही. 'संग्राहक', 'चरित्रकार', 'कार्यकर्ते' म्हटले. झेलियटबाईंनी त्यांची साधने इतिहासाची साधने म्हणून वापरली. पत्रके, अर्जविनंत्या, जातपरिषदांचे ठराव, बंद पडलेली साप्ताहिके, हयात कार्यकर्त्यांच्या मुलाखती या सगळ्यांना त्यांनी सरकारी दप्तराच्या पंक्तीला बसवले. सहभोजनाची गोष्ट आपण समाजसुधारणेच्या संदर्भात नेहमी करतो. साधनांचे हे सहभोजन मला अधिक महत्त्वाचे वाटते.

२

त्यांच्या प्रबंधाचे सर्वांत मोठे बळ असे की तो बाबासाहेबांपासून सुरू होत नाही. बाबासाहेबांच्या आधी जी जमीन तयार झाली होती ती आधी त्या दाखवतात : गावगाड्यातले महाराचे स्थान, इंग्रजी फौजेतली नोकरी, लष्करातली भरती बंद झाल्यावर पेन्शनरांनी केलेले अर्ज, पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, नागपूरचे किसन फागुजी बनसोडे. आणि या सर्वांच्या आधी गोपाळबाबा वलंगकर.

वलंगकर आमच्या जिल्ह्याचे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले महाडजवळचे रावढूळ हे त्यांचे गाव. फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या या माणसाने १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढून शास्त्री-पंडितांना जाहीर प्रश्न विचारले. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांना ते रुचले नाही. म्हणजे चवदार तळ्याच्या तीस-बत्तीस वर्षे आधी, त्याच गावात, सार्वजनिक खुर्चीवर अस्पृश्याने बसावे की नाही हा वाद झाला होता. १९२७ सालचे महाड आकाशातून पडले नव्हते. हे आपल्या जयंतीच्या भाषणांत येत नाही. तेथे इतिहास १४ एप्रिलला सुरू होतो आणि ६ डिसेंबरला संपतो. बाबासाहेबांवरच्या प्रेमापोटीच आपण त्यांच्या आधीच्या माणसांना विसरतो, आणि त्यामुळे बाबासाहेबांनी नेमके काय केले हेही आपल्याला नीट कळत नाही. झेलियटबाईंना हा मोह नव्हता. त्यांचा आदर त्यांच्या अभ्यासाच्या आड आला नाही.

३

आता मी त्या मांडणीच्या मर्यादांकडे वळतो. माझ्या मते त्यांचे बळ आणि त्यांची मर्यादा ही एकाच वाटेने आलेली आहेत.

१९७० साली रजनी कोठारी यांनी संपादित केलेल्या 'कास्ट इन इंडियन पॉलिटिक्स' या ग्रंथात झेलियटबाईंचा एक निबंध आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा होतो : राजकीय साधने वापरायला शिकणे – महाराष्ट्रातील महार. या 'शिकणे' या शब्दापाशी मी प्रत्येक वाचनात थांबतो. राजकारण ही एक तयार वस्तू आहे, ती कोणी तरी आधीच तयार करून ठेवली आहे, आणि खालून आलेला समाज हळूहळू ती वापरायला शिकतो, असा ध्वनी त्यातून निघतो. अर्ज करणे, परिषद भरवणे, राखीव जागा मागणे, पक्ष काढणे अशा पायऱ्या चढत समाज नागरिक बनतो. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याकडेही त्या काळचे सदिच्छ गोरे लोक असेच पाहत : दार बंद आहे, ते उघडावे, म्हणजे काळा माणूस आत येईल आणि घर पूर्ण होईल.

परंतु महाडला काय घडले ते पाहा. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला : सरकारी खर्चाने चालणाऱ्या पाणवठ्यांवर, शाळांत, दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे १९ आणि २० मार्च १९२७ ला जेव्हा परिषद भरली आणि लोक तळ्यावर चालत गेले, तेव्हा कागदावरचा कायदा त्यांच्या बाजूने होता. माँटगोमेरीत नेमके उलट होते. तेथे बसमधल्या जागा वेगळ्या ठेवण्याचा नियम कायद्यातच लिहिलेला होता. तेथे लोक वाईट कायद्याविरुद्ध उभे राहिले. महाडला लोक चांगल्या कायद्याचा अर्थ खरा करून दाखवण्यासाठी समाजाविरुद्ध उभे राहिले. पाणी प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला. मग तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. समाजाने कायद्याला आपल्या मापाचे करून घेतले.

म्हणून डिसेंबरात मनुस्मृती जाळावी लागली. नुसता दार उघडण्याचा प्रश्न असता तर पुस्तक जाळण्याचे कारण नव्हते. ज्या शास्त्राच्या बळावर नगरपालिकेचा ठराव फिरवता येतो त्या शास्त्रालाच हात घालणे भाग होते. महाडच्या लोकांनी राजकीय साधने वापरायला शिकण्यापुरते काम केले नाही. हक्क हा कायद्यात असून चालत नाही, तो माणसामाणसांच्या व्यवहारात उतरावा लागतो, हे त्यांनी राजकारणालाच शिकवले. तळ्यासंबंधीचा खटला उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ च्या मार्चमध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. सत्याग्रहापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. संविधानाचे १७ वे कलम आल्यालाही पाऊणशे वर्षे होत आली, आणि कायदा बाजूने व समाज विरुद्ध ही महाडची परिस्थिती अजून अनेक गावांत संपलेली नाही. 'नागरी हक्क' ही संकल्पना घेऊन महाडकडे येणाऱ्याला हा फरक ठळक करून सांगितला पाहिजे, नाही तर महाड म्हणजे माँटगोमेरीची अठ्ठावीस वर्षे आधीची आवृत्ती एवढेच हाती लागते.

दुसरी मर्यादा जमिनीची. झेलियटबाईंच्या प्रबंधात स्वतंत्र मजूर पक्ष आहे. परंतु मांडणीचा मध्य 'महार चळवळ' हाच आहे, शीर्षकही तेच सांगते. आमच्या कोकणात जातीचा प्रश्न खोताच्या दारातून येत असे. ज्याच्याकडे गाव खोतीने आहे त्याच्याशी कूळ म्हणून, वेठीला म्हणून, कर्जदार म्हणून बांधलेला माणूस पाण्यावर हक्क कसा सांगणार? अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालवला. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात कुणबी, आगरी, महार एकत्र होते. महाडच्या परिषदेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते आर. बी. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले आणि तरीही बाबासाहेबांचे राहिले. जात ही एकच चौकट धरून लिहिलेल्या इतिहासात ही माणसे आणि हे मोर्चे कडेला जाऊन बसतात. अमेरिकेतल्या वंशप्रश्नाच्या चौकटीत गट म्हणजे रंग, आणि रंग म्हणजे एकसंध समाज असे धरून चालता येते. आपल्याकडे तसे धरले की चांभार, मांग, ढोर वेगळे पडतात आणि कूळ म्हणून एकत्र आलेला आगरी व महार दिसेनासा होतो.

तिसरी मर्यादा स्त्रियांची. महाडला डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. त्या स्त्रिया कोण होत्या, घरी परत गेल्यावर त्यांचे काय झाले, हे विचारायला आपल्याला १९८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले आणि चळवळीतल्या बायकांना त्यांच्या तोंडाने बोलते केले. हे काम परक्या देशातून आलेल्या एकट्या अभ्यासकाने करावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. ते आपल्याच घरातून व्हायला हवे होते, आणि ते आपल्याच घरातल्या स्त्रियांनी केले.

४

अमेरिकेचा आरसा आपल्या लोकांनी झेलियटबाईंच्या पुष्कळ आधी हाती घेतला होता, हेही या संदर्भात नोंदवले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या काळ्यांच्या निवेदनाची प्रत मागितली, आणि द्यु बॉय यांनी त्या पत्राला उत्तर दिले. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी तेथल्या पोरांना काळ्यांच्या साहित्याची ओळख करून दिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. तिचे नाव कोठून आले ते सांगायला नको. १९७८ साली जनार्दन वाघमारे यांचे 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकाला हा विषय पहिल्यांदा सविस्तर मिळाला.

म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालू होती. आमचे लोक काळ्यांकडे पाहत होते आणि काळ्यांच्या प्रश्नाने अस्वस्थ झालेली एक गोरी बाई आमच्याकडे पाहत होती. परंतु दोन पाहण्यांत फरक होता. आपण बहुतेक वेळा भावाच्या नात्याने पाहिले : तोही दुःखी, मीही दुःखी. हे नाते खरे आहे आणि आपल्या कवितेला त्याने बळ दिले. मात्र अभ्यासाला एवढे पुरत नाही. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली ती साम्य दाखवून थांबण्यासाठी नव्हे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा फायदा होता. अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, हा भेद त्यांनी दाखवला. जात म्हणजे वंश हेही त्यांनी मान्य केले नाही. २००१ साली डर्बनला वंशद्वेषविरोधी जागतिक परिषद झाली. जातीचा प्रश्न वंशाच्या व्यासपीठावर यावा की नाही यावर तेव्हा मोठा वाद झाला. भारत सरकारचा त्याला विरोध होता आणि दलित संघटनांचा आग्रह होता. मला त्या आग्रहाचे कारण पटते. जगासमोर अन्याय मांडायला मिळेल ते व्यासपीठ घ्यावेच लागते. मात्र व्यासपीठासाठी केलेली मांडणी ही अभ्यासाची मांडणी म्हणून वर्गात शिकवू नये. अमेरिकेत काळा माणूस नजरेने ओळखला जातो. येथे आधी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारतात. या तीन प्रश्नांचा इतिहास वंशाच्या पुस्तकात सापडणार नाही. तो आपल्यालाच लिहावा लागेल.

५

तो कसा लिहावा याचा धडा मला माझ्या विद्यार्थिनीने दिला. तो धडा माझ्या अंगावर आला, म्हणून येथे सांगतो.

मी हमरापूरचा. हमरापूर म्हटले की लोकांना गणपतीचे कारखाने आठवतात. हमरापूर, जोहे आणि पेणच्या परिसरातून वर्षभर मूर्ती घडून मुंबईकडे आणि बाहेर जातात. माझी आई अशा एका कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारण्याचे काम करीत असे. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, आणि मजुरी गणपतीची. याबद्दल मी लहानपणी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, 'हात मातीला लागतात रे, देवाला नाय.' त्या वेळी मला ती पळवाट वाटली. आज वाटते की धर्मांतर केलेल्या मजूर बाईने आपल्या श्रमाचा आणि श्रद्धेचा हिशेब किती नेमका वेगळा केला होता. कारखान्यात माती कोण मळतो, डोळ्यांची आखणी कोण करतो, मजुरीचा दर कोण ठरवतो, बायकांना किती मिळते, हा सगळा आमच्या गावचा सामाजिक इतिहास आहे आणि तो कोणी लिहिलेला नाही.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. माझे पणजोबा महाडला चालत गेले, बाबासाहेबांनी 'मनूचं पुस्तक' जाळले ते त्यांनी पाहिले आणि त्याच दिवशी त्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले. ही गोष्ट मी जयंतीच्या व्यासपीठावर दोनदा सांगितली आहे. टाळ्या मिळाल्या आहेत. माझ्या विद्यार्थिनीने वस्त्यावस्त्यांतून आठवणी गोळा केल्या तेव्हा अशाच गोष्टी तिला अनेक घरांतून मिळाल्या. प्रत्येक आळीतल्या कोणाचा ना कोणाचा आजा किंवा पणजा महाडला गेलेला होता. तिने त्या सगळ्या तारखांशी लावून पाहिल्या आणि मग माझ्या समोर येऊन संकोचाने म्हणाली, 'सर, तुमच्या घरातली गोष्ट जुळत नाही.'

ती बरोबर होती. पाणी प्यायले ते मार्चमध्ये. मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबरला. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम होता, म्हणून तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी स्थगित केला. मिरवणूक निघाली पण पाण्याला कोणी हात लावला नाही. एकाच दिवशी पुस्तक जळताना पाहणे आणि पाणी पिणे कोणालाच शक्य नव्हते, माझ्या पणजोबांनाही नाही. मी इतिहास शिकवतो, या दोन्ही तारखा दर वर्षी फळ्यावर लिहितो, आणि तरीही घरातली गोष्ट त्या तारखांच्या शेजारी ठेवून पाहण्याचे मला कधी सुचले नाही. मला राग आला हे मान्य करतो. तो तिचा नव्हता, पण दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही.

झेलियटबाईंच्या पुस्तकाचे खरे वाचन मी त्यानंतर केले. त्यांच्यापाशी घरातली गोष्ट नव्हती. त्यामुळे कोणतीही गोष्ट तपासायला त्यांना दुखत नव्हते. ही त्यांची सोय होती. आपल्याला दुखते. आपल्या लोकांना कोणी कधी खरे मानलेच नाही, त्यात आपणच त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची, हे द्रोहासारखे वाटते. परंतु न तपासता मान डोलावणे हाही त्यांना खरे न मानण्याचाच एक प्रकार आहे. आपण म्हाताऱ्या माणसाचे ऐकतो, हात जोडतो आणि निघून येतो. साक्षीदार म्हणून त्याला उलट प्रश्न विचारण्याइतके महत्त्व देत नाही.

विद्यार्थिनीने ते महत्त्व दिले. तिने लिहिले की ही आठवण घटनेचा पुरावा म्हणून टिकत नाही. पण घराघरांतून पाणी आणि आग एकाच दिवशी आणली गेली, हाच एक पुरावा आहे. लोकांनी दोन परिषदा एक करून टाकल्या, कारण त्यांच्या लेखी त्या एकच होत्या : पाणी पिण्याचा हक्क आणि तो नाकारणारे शास्त्र यांचा निकाल त्यांना एकाच दमात लावायचा होता. कायदा बाजूने असूनही तळे बंद का राहिले याचे जे उत्तर मी वर पुस्तकांच्या आधाराने दिले, ते आमच्या वस्त्यांतल्या निरक्षर माणसांनी आठवणीतच रचून ठेवले होते. झेलियटबाईंच्या पत्रकांतून हे मिळत नाही. पत्रकांवर तारखा असतात. तारखा विसरल्यावर लोकांपाशी काय उरते हे समजण्यासाठी वस्तीत जाऊन बसावे लागते.

माझे पणजोबा मार्चला गेले होते की डिसेंबरला, की गेलेच नव्हते, हे मला आता सांगता येत नाही. व्यासपीठावर ती गोष्ट पुन्हा सांगायची झाली तर मी ती या दुरुस्तीसह सांगेन. टाळ्या कमी पडल्या तरी हरकत नाही.

६

शेवटी अध्यापक मित्रांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द.

आयोवातल्या एका तरुण स्त्रीने आपल्या देशातला रंगभेद पाहिला, तो प्रश्न घेऊन ती इतक्या दूर आली, मराठी साधने वाचू लागली आणि आपल्या चळवळीला इतिहासाच्या वर्गात जागा मिळवून दिली. तिची वाट तिच्या अस्वस्थतेतून निघाली. हमरापूरहून महाड शंभर किलोमीटरच्या आत आहे. आपल्या मुलांची अस्वस्थता तिच्यापेक्षा कमी नाही, आणि ती पुस्तकातून आलेली नाही. उणीव आहे ती ही अस्वस्थता अभ्यासाचा विषय होऊ शकते असे त्यांना सांगणाऱ्या माणसाची. बैठकीत 'कागद कुठे आहेत' असा प्रश्न आला की मार्गदर्शकाने खाली मान घालू नये. कागद पत्र्याच्या पेटीत आहेत : समाजमंदिराच्या वर्गणीच्या पावत्या, पंचायत समितीला दिलेल्या अर्जांच्या नकला, धम्मदीक्षेच्या वेळचे फोटो, लग्नपत्रिका, कुळाच्या दाव्याचे निकाल. कागद नाहीत तेथे माणसे आहेत, आणि ती झपाट्याने जात आहेत. महाड आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

प्रत्येक महाविद्यालयात इतिहासाच्या अध्यापकाने वर्षाला दोन विद्यार्थी जरी आपापल्या वस्तीत पाठवले, त्यांनी ऐकलेले नीट उतरवले, सांगणाऱ्याचे नाव, वय, दिवस लिहून ठेवले आणि ते तारखांशी ताडून पाहिले, तरी दहा वर्षांत एक दफ्तर उभे राहील. झेलियटबाईंनी आपल्याला जी शिस्त दाखवली ती घ्यावी, आणि त्यांना जे दिसणे शक्य नव्हते ते आपण पाहावे. त्यांच्या प्रबंधाला खरी आदरांजली तीच होईल.

माझ्या विद्यार्थिनीच्या विषयाला दुसऱ्या बैठकीत मान्यता मिळाली, मात्र शीर्षकातला 'स्मृती' हा शब्द काढण्याच्या अटीवर. तिने तो काढला आणि त्या जागी 'साक्ष' असा शब्द घातला. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.